डीलर मीट, स्टॉल, शेतकरी मेळावा: कंपनीच्या कार्यक्रमात द्यायची वस्तू निवडायची कशी

छोट्या-मध्यम कंपन्यांच्या कार्यक्रमांचं काम मी बरीच वर्षं करतेय, डीलर मीट, एक्झिबिशनचे स्टॉल, शेतकरी मेळावे, वर्धापनदिन असं सगळं, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी गिफ्टचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. हॉल ठरलेला असतो, गोडात काय ठेवायचं ह्यावर अर्धा तास चर्चा झालेली असते, आणि कार्यक्रम दहा-बारा दिवसांवर आला की व्हेंडरचा कॅटलॉग व्हॉट्सॲपवर येतो, त्यातल्या एका फोटोवर साहेब बोट ठेवतात आणि तीनशे बाटल्या ऑर्डर होतात. मग त्या संक्रांतीच्या प्लास्टिकच्या वाणासारख्या ह्या घरातून त्या घरात फिरत राहतात, वापरत कुणीच नाही.

मी कॅटलॉग उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारते: ही वस्तू ह्या माणसाला आपल्याकडूनच का मिळावी? उत्तर आलं तर वस्तू साठ रुपयांची असली तरी चालते, आणि नाही आलं तर सहाशेची असली तरी ती ड्रॉवरमध्येच जाणार. हे उत्तर बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतं, तुमच्या धंद्यात किंवा तुमच्या गावात. आधी धंद्याचं बघू कारण तिकडे लोक बघतच नाहीत.

आधी घेणारा माणूस डोळ्यासमोर आणा

पुण्यात मोशीला डिसेंबरमध्ये किसान प्रदर्शन भरतं. तिथे सकाळी आलेला शेतकरी संध्याकाळपर्यंत चालतोय, हातात दहा कंपन्यांची पत्रकं, एखादा बियाणांचा नमुना, पाण्याची बाटली, बरोबर गावातले चार जण. त्याला तुम्ही चकचकीत व्हिजिटिंग कार्ड होल्डर देऊन काय करणार? जाड कापडाची, लांब बंदाची, खांद्याला अडकेल अशी पिशवी द्या, तो ती तिथल्या तिथे वापरायला लागतो आणि पुढची दोन-तीन वर्षं बाजाराला नेतो. फक्त नॉनवोव्हन पिशवी देऊन "कापडी" म्हणू नका, ती दिसते कापडासारखी पण असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच, आणि २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीनंतर लोकांना हे बरोबर कळायला लागलंय.

पण पिशवी सगळेच देतात. त्याच्या पुढे जायचं तर त्याचं काम बघा. समजा तुम्ही द्राक्षाची औषधं किंवा खतं विकता, नाशिक किंवा सांगलीकडचा बागायतदार तुमचं गिऱ्हाईक. हा माणूस कॅलेंडर एक जानेवारीपासून मोजत नाही, तो छाटणीपासून मोजतो. ऑक्टोबर छाटणी झाली की "आज चाळिसावा दिवस, आज पंचेचाळिसावा" असं बोलणं असतं, फवारणीचं सगळं शेड्यूल त्याच दिवसांवर चालतं. आणि माल एक्स्पोर्टला जाणार असेल तर कुठलं औषध कधी मारलं, किती प्रमाणात, ह्याची नोंद लागतेच लागते. मग जानेवारी ते डिसेंबरची डायरी कशाला देता, छाटणीच्या दिवसापासून सुरू होणारी नोंदवही द्या ना. रकाने असे: तारीख, छाटणीनंतरचा दिवस, औषधाचं नाव, प्रमाण, पाणी किती लिटर, काढणीआधी किती दिवस थांबायचं, पाऊस पडला का. जाड पुठ्ठ्याचं कव्हर, पानं अशी की बॉलपेनने लिहिलेलं ओल्या हाताने पसरणार नाही, आणि वरच्या कोपऱ्यात भोक, म्हणजे शेडमध्ये खिळ्याला अडकवता येईल. ह्याच्या जोडीला दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग दिलं तर पानामागचे थ्रिप्स (रस शोषणारे बारीक किडे), लाल कोळी त्याला बागेतच दिसतात. एवढं मिळून साध्या डायरी-पेन सेटच्या खर्चात बसू शकतं, आणि ही वस्तू दुसऱ्या कुठल्या बँकेने किंवा बिल्डरने दिली असती तर तिला अर्थच नव्हता, ती तुमच्याकडूनच यायला पाहिजे होती. माझा प्रश्न म्हणजे हाच.

कोरडवाहू भागात मेळावा असेल तर साधा प्लास्टिकचा पर्जन्यमापक द्या. तालुक्याच्या ठिकाणी किती पाऊस झाला ते पेपरात येतं पण आपल्या बांधावर किती पडला हे त्याला हवं असतं. कुंपणाच्या खांबाला लावायचा, सकाळी बघायचा, रिकामा करायचा, झालं.

वर्कशॉपवाल्यांसाठी

भोसरी, चाकण, सातपूर-अंबड, कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगाव, ह्या भागांत तुमचे ग्राहक म्हणजे मशीनशॉप. तिथे निर्णय ऑफिसमध्ये होतो असं वाटतं पण कटिंग टूल कुठलं मागवायचं हे पुष्कळदा मशीनवरचा माणूस सांगतो. त्याच्या एप्रनच्या खिशात बसेल अशी १५० मिमीची स्टीलची पट्टी द्या, चांगल्या कंपनीची, खुणा कोरलेल्या, छापलेल्या नाही, कारण छापलेल्या खुणा कूलंटमध्ये, म्हणजे मशीन गार ठेवायच्या पाण्यात, काही महिन्यांत जातात आणि मग तुमच्या नावाची पट्टी कचऱ्यात दिसते. मागच्या बाजूला टॅप-ड्रिल साइज, म्हणजे आटे पाडायच्या आधी किती मिमीचं भोक पाडायचं ते, कोरून घ्या: एम ६ ला ५.०, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२. हे आकडे अनुभवी माणसाला पाठ असतात पण नवीन पोराला नसतात आणि तो दर वेळी मोबाईल काढतो. किंवा हाच चार्ट मॅग्नेटवर छापून द्या, मशीनच्या बॉडीला चिकटतो. आकडे छापायच्या आधी शॉपमधल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, एक आकडा चुकला तर चार्टही जाईल आणि तुमच्यावरचा विश्वासही.

पंप, मोटर, पाइप विकणारा डीलर असेल तर त्याच्या काउंटरवर जाऊन उभं राहा थोडा वेळ. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, पाच एचपीला केबल कुठली, पाइप दीड इंची म्हणजे मिलीमीटरमध्ये किती. काउंटरवरचा मुलगा आत मालकाला हाक मारतो. तर काउंटरच्या काचेखाली बसेल असा लॅमिनेटेड चार्ट द्या, एचपी आणि किलोवॅट समोरासमोर, म्हणजे ५ एचपीसमोर ३.७, साडेसातसमोर ५.५, केबलचा साइज, पाइपचा साइज, मोठ्या अक्षरात, मराठीत. कंपनीचं नाव खाली छोटं. हा चार्ट स्वस्त असतो आणि तो काउंटरवरून हलत नाही. डीलर मीटमध्ये ह्याला कुणी "गिफ्ट" म्हणणार नाही हे खरंय, त्यामुळे तो वेगळा पाठवा आणि मीटमध्ये मानाची वस्तू द्या, ती पुढे सांगते.

ऑफिसातल्या लोकांसाठी, अकाउंट्सवाल्यांसाठी, टेबल कॅलेंडर अजूनही चालतं पण त्यावर त्यांच्या तारखा हव्यात. सात तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, अकराला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, पंधराला पीएफ, वीसला जीएसटीचंच ३बी रिटर्न. निसर्गचित्रांपेक्षा ह्या तारखा लाल गोलात असलेलं कॅलेंडर मॉनिटरच्या शेजारी राहतं.

गावातून आलेली वस्तू

आता मानाची वस्तू. इथे मला मनापासून वाटतं की आपल्याकडे इतकं काही असताना चीनमधून आलेला तोच तो बाटली-पेन-डायरीचा सेट द्यायची गरज नाही. पण "लोकल" म्हणून काहीही उचललं की काम झालं असंही नाही. तुमची कंपनी ज्या मातीत आहे तिथली वस्तू असेल तर तिला अर्थ येतो. सोलापूरच्या कंपनीने सोलापुरी चादर दिली तर ती शोभते, पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीने दिली तर का दिली ते एका ओळीत सांगता आलं पाहिजे.

सोलापूरचंच घेऊ. तिथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे जीआय. आणि आपल्या ग्रामीण भागात टॉवेल-टोपीचा आहेर हा मानाचा आहेर आहे, लग्नात, घरभरणीला, सोयऱ्याला. त्यामुळे मराठवाड्यातल्या किंवा सोलापूर पट्ट्यातल्या डीलरला चांगल्या जाडीचा सोलापुरी टॉवेल हातात दिला तर त्याचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागत नाही. हाच टॉवेल मुंबईतल्या आर्किटेक्टला दिला तर तो नुसता टॉवेल. शालीचं मात्र उलट झालंय, सत्काराच्या शाली लोकांच्या कपाटात इतक्या साठल्यात की पातळ पॉलिस्टरची आणखी एक शाल कुणालाच नको असते. शालीच्या जागी चादर द्या, ती अंगावर घेतली जाते.

चादर घेताना काय बघायचं: वजन, दोन्ही बाजूंची नक्षी (विणलेली असते, उलट बाजूला रंग पालटून दिसते, छापलेली असेल तर मागची बाजू फिकी), आणि कडा. सोलापुरीच्या नावाखाली दुसरीकडे विणलेला माल बाजारात भरपूर येतो. व्हेंडरला सरळ विचारा की कारखाना कुठला, जीआयचा ऑथराइज्ड युजर, म्हणजे ते नाव वापरायला नोंदणी झालेला, आहे का, आणि बिलावर कारखान्याचं नाव येईल का. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि कार्डावर "हातमागावर विणलेली" असं लिहू नका, ह्या चादरी बहुतेक पॉवरलूमवर होतात आणि त्यात कमीपणा काही नाही. खोटं लिहिलं आणि पाहुण्यांत एक सोलापूरचा निघाला, तर अख्ख्या टेबलाला कळतं.

पुण्यात असाल तर कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथल्या मठारकामाची भांडी, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोकून ठोकून पाडलेल्या चकाकत्या टिकल्या, हे काम बघत उभं राहिलं तर वेळ कसा जातो कळत नाही. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून पडतो, ओळ वाकत नाही, तरी कुठलीही दोन भांडी हुबेहूब सारखी नसतात. प्रेसवर काढलेल्या नकलेत सगळे खळगे एकसारखे आणि पत्रा पातळ, हातात घेतलं की वजनावरूनच कळतं. छोटा पेला, दिवा, पेन ठेवायचं पात्र असं काही वीस-पंचवीस खास पाहुण्यांसाठी करून घेता येतं. तांब्याचं काहीही दिलंत तर बरोबर दोन ओळी द्याच: ह्यात ताक, लिंबू सरबत, आंबट काही ठेवू नका, आणि काळं पडलं तर चिंच किंवा लिंबू-मिठाने घासा. नाहीतर महिन्याभरात ते काळं पडतं आणि पाहुणा समजतो की माल हलका दिला.

सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळं चितार आळीत मिळतात. ऑफिसच्या टेबलावर लाकडी आंबा-काजू-फणस छान दिसतो, आणि ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत ते घरी नेतात. फॅमिलीसकट बोलावलेल्या मीटला ही वस्तू माझी फार आवडती आहे. गंजिफा, म्हणजे जुना पत्त्यांचा खेळ, हा तिथला खरा खजिना, दशावतारी गंजिफेच्या पूर्ण संचात १२० गोल पत्ते, हाताने रंगवलेले, तो संच महाग असतो आणि एखाद्या मुख्य पाहुण्यालाच द्यावा. बाकीच्यांसाठी एकेक पत्ता फ्रेम करून देता येतो.

वारलीबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. मगवर, पिशवीवर, पेनस्टँडवर नेटवरून उचललेली वारलीची नक्षी छापायची आणि "पारंपरिक" म्हणून वाटायची हे सर्रास चालतं. ही कला पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, जव्हार, तलासरीच्या पाड्यांवरची आहे, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची, जिव्या सोमा मशे ह्यांनी ती कागदावर आणून जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तिथे कितीतरी चित्रकार कमिशनवर काम करतात. त्यांच्याकडून एक चित्र तुमच्या विषयावर काढून घ्या, वापरायचे पैसे द्या, लेखी परवानगी घ्या, आणि मग ते पिशवीवर छापा, खाली चित्रकाराचं नाव आणि पाडा. आमच्या एका कार्यक्रमासाठी चित्रकाराने तारपा नाचाच्या शेजारी कंपनीची भात कापायची मशीनच काढून दिली, तीही वारलीच्या त्रिकोणी माणसांसकट, आणि लोक एकमेकांना ती पिशवी दाखवत होते. नेटवरच्या नक्षीत हे कधीच होणार नाही.

खायची वस्तू द्यायची असेल तर कोकणचे काजू, आगळ-आमसुलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीचं काही, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, सांगलीचे बेदाणे, हे सगळं मानाचं आहे. बचत गटाकडून घेतलंत तर फारच छान, उमेद ह्या सरकारी अभियानाच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात किंवा माविमकडे, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाकडे, चांगले गट भेटतात. फक्त पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा आकडी नंबर, पॅकिंगची तारीख आणि किती दिवस टिकेल हे हवंच हवं. शंभर पाकिटं एकदम करायची गटाची तयारी आहे का हे आधी विचारा, आणि प्रवासात फुटणाऱ्या बाटल्या टाळा. एसटीने आलेल्या माणसाच्या बॅगेत आगळ सांडलं की तो डाग जात नाही.

कोणाला काय चालत नाही

हे न बघता ऑर्डर दिली तर सगळ्यात महागात पडतं. आपल्याकडे डीलर नेटवर्कमध्ये जैन मंडळी खूप असतात, त्यांतल्या अनेकांना चामडं, रेशीम, मध चालत नाही. माळकरी मंडळीही चामडं टाळतात कधीकधी. कोल्हापुरी कारागिराने केलेलं चामड्याचं पाकीट कितीही सुंदर असलं तरी यादी बघूनच ठरवा. (कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून जीआय मिळालाय, पण गिफ्ट म्हणून चप्पल नको, मापाचा घोळ होतो.)

डॉक्टरांचा कार्यक्रम असेल तर फार्मा कंपन्यांसाठी २०२४ ची मार्केटिंग संहिता आहे, त्यात डॉक्टरांना वैयक्तिक भेटी चालत नाहीत, आणि डायरी-कॅलेंडरसारख्या ब्रँडची आठवण देणाऱ्या वस्तूही नगामागे हजार रुपयांच्या आतच. सरकारी अधिकारी, बँकवाले, मोठ्या मल्टिनॅशनलचे परचेसवाले, ह्या सगळ्यांवर भेट घेण्याची बंधनं असतात. महागडी वस्तू हातात ठेवून त्यांना अवघडवू नका, त्यांना कॅलेंडर, नोंदवही, रोप असं द्या.

पेन ड्राइव्ह आता देऊच नका, बऱ्याच ऑफिसात तो कॉम्प्युटरला लावायला बंदी असते. पॉवर बँक देणार असाल तर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) नंबर असलेलीच, क्षमता बॉडीवर स्पष्ट छापलेली, आणि विमानाने जाणाऱ्या पाहुण्याला सांगा की ती हँडबॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. तुमचा लोगो नेमका त्या क्षमतेच्या आकड्यावर छापू नका.

पैशाचं गणित

बजेट नेहमी सगळं धरून काढा: वस्तू, प्रिंटिंग, डबा, पिशवी, वाहतूक, जीएसटी. आणि जीएसटी धरून म्हणते कारण फुकट भेट दिलेल्या मालावरच्या टॅक्सचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते अडवलंय. व्हेंडर "प्लस जीएसटी" सांगतो आणि आपण समजतो की तो परत मिळेल, तसं नाही. दुसरं, १ जुलै २०२२ पासून, १९४-आर नावाने जी तरतूद सगळ्यांना माहीत झाली, त्याप्रमाणे एका व्यावसायिकाला वर्षात वीस हजारांच्या वर भेटी, ट्रिप वगैरे गेल्या तर १० टक्के टीडीएस लागतो. डीलर मीटला गिफ्ट आणि वर सहल देणाऱ्यांनी आधीच सीएशी बोलून घ्या.

सगळ्यांना सारखंच द्यायचं असं नसतं. समजा २०० माणसं आणि ६०,००० रुपये. सरसकट वाटले तर प्रत्येकी ३००, आणि ३०० मध्ये सगळं धरून मनासारखं काही येत नाही. त्यापेक्षा सगळ्या २०० जणांना ७५ रुपयांची नोंदवही किंवा चार्ट, म्हणजे १५,०००, आणि जे ४० जण खरंच वर्षानुवर्षं बरोबर आहेत त्यांना वर १,१२५ रुपयांची चादर किंवा तांब्याचं काही, म्हणजे ४५,०००. बेरीज तीच. पण एकाच हॉलमध्ये एकाला मोठा डबा आणि शेजारच्याला पिशवी असं अजिबात करू नका, आपल्याकडे मानपानाचं माणूस विसरत नाही. हॉलमध्ये सगळ्यांना सारखं, आणि त्या चाळिसांच्या घरी किंवा दुकानी नंतर कुणीतरी स्वतः जाऊन द्यायचं. ते दुकानात जाणं हीच अर्धी भेट असते.

लोगो, नाव आणि मराठी फॉन्ट

लोगो छोटा. चादरीच्या मधोमध कंपनीचं नाव विणलं तर ती पाहुण्यांसमोर कोण अंथरणार? कोपऱ्यात शिवलेलं छोटं लेबल पुरे. धातूवर लेझरने कोरा, तळाशी. त्यावर "डीलर मीट" आणि साल टाकू नका, उरलेले नग पुढच्या वर्षी देता येत नाहीत आणि घेणाऱ्यालाही जुनी वस्तू वाटते.

त्यापेक्षा घेणाऱ्याचं नाव घाला. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत घराघरात आहे, नाव घातलेलं भांडं कुणी दुसऱ्याला देत नाही. नावं रजिस्ट्रेशनच्या इंग्रजी यादीतून मराठीत स्वतःच्या मनाने लिहू नका, "कदम" ठीक आहे पण "सानप" की "सानाप", "लाड" की "लड", फोन करून विचारा.

आणि इथे एक अडचण हमखास येते. आपण व्हॉट्सॲपवर युनिकोड मराठीत नावं पाठवतो, एनग्रेव्हिंगवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती फुटतात. जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते, "क्षीरसागर"चं काहीतरीच होतं. मग तो परत श्री-लिपीत (जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप करतो आणि त्यात नवीन चुका शिरतात. म्हणून नावांची फाइल डिझायनरकडून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफमध्येच पाठवा, आणि कोरायच्या आधी सगळ्या नावांचा प्रूफ मागवून मूळ यादीशी एकेक नाव जुळवा, दोन माणसांनी, एकाने मोठ्याने वाचायचं. कंटाळवाणं काम आहे पण चुकीचं नाव कोरलेली वस्तू न दिलेली बरी.

कधी ऑर्डर द्यायची

छापील माल तीन आठवड्यांत होतो. हाताने होणाऱ्या वस्तूला दोन महिने धरा आणि कारागिराचं वर्ष बघा. पालघरच्या पाड्यांवर जून-जुलैत भातलावणी आणि पावसाळा संपला की कापणी, तेव्हा चित्रकार शेतात असतात. कोकणात गणपतीच्या आधी-नंतरचे दिवस धरूच नका. पावसाळ्यात लाकडावरचा रंग लवकर वाळत नाही, घाई केली तर डब्यात चिकटतो. दिवाळीच्या आधीचा महिना प्रिंटिंगवाल्यांकडे श्वास घ्यायला जागा नसते.

एक नमुना आधी मागवा, पैसे देऊन, आणि तो आठवडाभर वापरा. पिशवीत पाच किलो कांदे घालून चाला, टॉवेल दोनदा धुवा, पेनाने चार पानं लिहा. मगच ऑर्डर.

पैशांचं: कारागिराला निम्मा ॲडव्हान्स द्या, कच्चा माल तो कशातून आणणार? उरलेले माल मिळाल्यावर लगेच. कंपनीच्या नव्वद दिवसांच्या क्रेडिटमध्ये त्याला बसवू नका. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर इन्कम टॅक्समध्ये ४३बी नावाने माहीत झालेल्या तरतुदीप्रमाणे तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो, हे अकाउंट्सला सांगितलं की चेक लवकर निघतो. आणि घासाघीस करून कारागिराचा दर पाडायचा आणि मग कार्डावर "आम्ही स्थानिक कलेला पाठिंबा देतो" लिहायचं, हे मला पटत नाही. दर परवडत नसेल तर नग कमी करा किंवा छोटी वस्तू घ्या.

देताना

स्टॉलवर टेबलावर ढीग लावला की तो पहिल्या तासात संपतो आणि ज्याच्याशी खरं बोलायचं होतं तो दुपारी येतो. नोंदवही खाली ठेवा, बोलणं झालं की काढा, आणि पहिल्या पानावर त्याच्या समोर त्याचं नाव-गाव लिहून द्या. हॉलमधल्या कार्यक्रमात जड वस्तू सकाळी नोंदणीच्या वेळी देऊ नका, माणूस दिवसभर पायाशी डबा सांभाळत बसतो. जाताना द्या, आणि लांबून येणाऱ्यांना विचारा, घरी पाठवू का.

बरोबरचं कार्ड छोटं हवं, तीन-चार ओळी, आणि त्यात तुमच्या कंपनीची स्तुती नको. समजा चादर आहे, तर: "ही चादर सोलापूरच्या अमुक कारखान्यात विणली आहे. आमची पहिली एजन्सी सोलापूरला सुरू झाली, म्हणून ही निवडली. पहिल्यांदा गार पाण्यात वेगळी धुवा." एवढंच. आणि खाली छापील सही नको, मालकाने पेनाने सही करावी, चाळीस सह्यांना चहा पिता पिता वेळ मिळतो.

दहा-बारा नग शिल्लक राहतीलच. त्यातले दोन ऑफिसात नमुना म्हणून ठेवा, पुढच्या वेळी वस्तू ठरवताना ते हातात घेऊन बघता येतात, आणि बाकीचे ज्यांनी कार्यक्रमात राबून काम केलं त्यांना द्या, ड्रायव्हर, हॉलचे वाढपी, नोंदणीच्या टेबलावरची मुलं. त्यांना कुणी विचारत नाही. सहा महिन्यांनी सेल्सची माणसं डीलरकडे जातील तेव्हा त्यांना एवढंच बघून यायला सांगा की ती वस्तू काउंटरवर दिसते का, कुठे ठेवलीय, कोण वापरतंय. पुढच्या वर्षीची यादी मी तिथूनच सुरू करते.